उजव्या हाताची खूण

आमच्या संस्थेत आश्रयाला आलेल्यांपेक्षा पदाधिकारी जास्त होते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, आणि ज्यांना काही काम सांगता येत नाही पण दुखवताही येत नाही असे दोन-तीन सल्लागार. बैठकीच्या दिवशी पडवीतल्या खुर्च्या पुरत नसत, मग स्वयंपाकघरातले पाट बाहेर यायचे आणि आतली मंडळी जमिनीवर बसून जेवायची. मला त्याचा राग यायचा. मी तो दाखवायचेही, पण चहात साखर कमी घालण्यापलीकडे माझ्या रागाची मजल जात नसे.

उरणहून मोरा बंदराकडे निघालं की रस्त्याच्या खालच्या अंगाला एक नारळीची वाडी होती. तिच्यातलं कौलारू घर म्हणजे आमची संस्था. ती काढली होती आंधळ्यांसाठी. पण ज्यांचे डोळेही गेलेत आणि कानही, अशांना कुठेच थारा नव्हता. आंधळ्यांच्या शाळेत त्यांना ऐकू येत नाही म्हणून नको, बहिऱ्यांच्या शाळेत दिसत नाही म्हणून नको. अशी माणसं आमच्याकडे येत राहिली. नुसते आंधळे होते ते हळूहळू मुंबईच्या शाळांकडे गेले आणि घर या दुसऱ्यांचंच होऊन बसलं.

मी तिथली व्यवस्थापिका झाले ती कुणाला दुसरं कोणी मिळेना म्हणून. आधीचे व्यवस्थापक निवृत्त कंपाउंडर होते. ते लेकाकडे अलिबागला निघून गेले, तेव्हा चिटणिसांनी माझ्या यजमानांना विचारलं की वहिनी थोडे दिवस बघतील का. माझे यजमान उरणच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी घरी येऊन मला विचारलं आणि मी हो म्हटलं. ते थोडे दिवस काही संपले नाहीत, आणि मला तात्पुरतं म्हणायचंही पुढे सगळे विसरून गेले.

पहिल्याच आठवड्यात मी एक नियम केला. आधी खूण, मग काम. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, त्याच्या अंगाला एकदम हात लावला की तो दचकतो. कोण आलंय, कशाला आलंय, त्याला काय कळणार? म्हणून प्रत्येकानं आधी आपला हात पुढे करायचा, आपली खूण चाचपू द्यायची, आणि मगच उठवायचं, जेवायला न्यायचं, औषध द्यायचं. आमच्या स्वयंपाकीणबाईची खूण म्हणजे तिच्या अंगठ्यावरचा भाजल्याचा वण. अध्यक्षांची खूण म्हणजे अंगठीतला मोठा खडा. एकदा ते अंगठी घरी विसरून आले आणि सवयीनं पेढे वाटायला लागले, तर एकीनं त्यांचा हात पेढ्यासकट ढकलून दिला. अध्यक्ष मिठागरांचे मालक, त्यांचा हात ढकलायची उरणात कुणाची छाती नव्हती. चिटणीस माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच शिकवून ठेवलंय. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे. अध्यक्षांनी पेढे परत नेले आणि दुसऱ्या दिवशी अंगठी घालून पुन्हा आले. म्हणून तो माणूस मला आवडायचा.

माझी खूण म्हणजे उजव्या हातातल्या बांगड्या. काचेच्या, हिरव्या.

तो हात ढकलणारी होती ती बाय. तिचं नाव होतंच की काहीतरी, पण स्वयंपाकीण तिला बाय म्हणायची म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. कोळ्याची मुलगी. लहानपणी देवी आल्या त्यात डोळे गेले आणि त्याच तापात कान. आई होती तोवर आईनं सांभाळलं. आई गेल्यावर भावानं ठेवलं होतं ते जाळी ठेवायच्या झापात, झावळ्यांच्या खोपटात. भाऊ वाईट नव्हता. तो पहाटे होडीवर जाणार, भावजय मासळी घेऊन बाजारात जाणार, मागे हिला बघणार कोण, म्हणून दाराला बाहेरून कडी. ती आमच्याकडे आली तेव्हा तरणीताठी बाई होती आणि कुणी जवळ आलं की भिंतीला पाठ लावून उभी राहायची. अंगावर दागिना एकच, उजव्या हातात आईचं जाडजूड चांदीचं कडं. ते ती झोपेतही दुसऱ्या हातानं धरून ठेवायची.

तिला माणसात आणायला मला फार वेळ लागला. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसायची, उजवा हात पुढे करायची आणि नुसती थांबायची. कधीतरी तिनं हात लावला. बांगड्या चाचपल्या, एकेक मोजल्यासारखी बोटं फिरवली, आणि मग कपाळाला आठ्या घालून त्या मनगटावरून ओढायलाच लागली. मला वाटलं हिला बांगड्या हव्यात. तसं नव्हतं. तिनं बांगडी काढल्याचा आणि लांब फेकल्याचा आविर्भाव केला आणि म्हणाली, "दर्या."

लहानपणी शिकलेले दोन-चार शब्द तिच्याकडे उरले होते. आय, पानी, दर्या. ते ती घशातून, जाड आवाजात, अगदी क्वचित काढायची.

उरणात राहणाऱ्याला यात कोडं काही नव्हतं. आमच्याकडच्या कोळणींच्या डाव्या हातात काचेच्या बांगड्या असतात, उजव्या हातात मात्र काच नाही, चांदी. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या काढून समुद्राला देतात. आम्ही तुला आमचा चुडा दिला, तू आमचा धनी सांभाळ, असा तो करार. बायच्या आईचा उजवा हात तसा होता. म्हणून उजव्या हातात काच घालून मिरवणारी ही कोण अडाणी बाई, असं तिला वाटलं असावं. मी संध्याकाळी घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा हे खूप हसले. म्हणाले, "आम्हाला शाळेपर्यंतच जायचं असतं, समुद्राला काही द्यायला नको."

हे मला न्यायला संध्याकाळी वाडीत येत. यांचीही खूण होती. खडूनं कोरडी पडलेली बोटं. बाय ती बोटं हातात घेऊन नाकाशी न्यायची, खडूचा वास घ्यायची आणि मग त्यांचा हात आणून माझ्या हातात द्यायची. आमचं लग्न एकदा भटजींनी लावलं आणि मग रोज बायनं. हे लाजायचे. चारचौघांत बायकोचा हात धरायची पद्धत कुठे होती तेव्हा? पण बायपुढे कुणाचं काही चालत नसे.

असं काही वर्षं चाललं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी यांना विषमज्वर झाला. उरणच्या डॉक्टरांनी केलं ते केलं, मुंबईहून औषध आणवलं, पण ताप उतरला नाही. हे गेले. मी तेव्हा फार रडले नाही. रडायला लागले तर थांबता येणार नाही अशी भीती वाटायची.

माझ्या बांगड्या फोडल्या. बायकांनी मला कोनात बसवलं. वर्ष होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, असं सासूबाईंनी सांगितलं. त्या स्वतः तशाच बसल्या होत्या तरुणपणी, त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं आणि मलाही वाद घालायची ताकद नव्हती. मी भिंतीकडे बघत बसायची आणि वाडीतली माणसं आठवायची. त्यांना कुणी सांगितलं असेल का? कसं सांगणार?

संस्थेनं माझ्या जागी मुंबईहून एक नर्सबाई आणल्या. त्या शिकलेल्या होत्या, स्वच्छ होत्या, आणि त्यांनी घर लख्ख ठेवलं होतं असं सगळे सांगत. पण माझा नियम त्यांना वेळखाऊ वाटला. त्या सरळ दंडाला धरून उठवत. इतरांनी ते कसंबसं सोसलं. बायनं मात्र पाठ फिरवली. थंडी सरता सरता स्वयंपाकीण आमच्या मागच्या दारी आली, दारातूनच सांगून गेली.

"वयनी, बाय जेवत न्हाय. माज्या हातचं दोन घास खातं, मंग ताट सारतं. परत भितीला पाठ लावून ऱ्हायली हाय. चिटनीस म्हनतान, भावाला बोलवा नि घेऊन जा सांगा."

म्हणजे पुन्हा झाप आणि पुन्हा कडी. मला रात्रभर झोप आली नाही असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे त्या रात्री मला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली. काय करायचं ते ठरलं होतं.

सकाळी मी अध्यक्षांना निरोप पाठवला की मी कामावर परत येते. त्यावर मंडळाची बैठक भरली. मंडळाला बैठक भरवायला कारण लागायचंच. निरोप आला तो चिटणिसांनी अगदी जपून शब्द वापरून पाठवलेला. माझ्याबद्दल सर्वांना आदर आहे. परंतु संस्थेच्या प्रमुखपदी विधवा बाई, त्यातून वर्षही न झालेली, देणगी देणाऱ्या घरांतल्या बायका काय म्हणतील हेही पाहिलं पाहिजे. शिवाय बाय आता कुणालाच ओळखेनाशी झाली आहे, ती मलाही ओळखणार नाही, तेव्हा माझ्या येण्यानं काय साधणार? मी उलट निरोप पाठवला. तिनं ओळखलं तर मी राहते, ती इथंच राहते. नाही ओळखलं तर तुम्ही म्हणाल ते.

असं बोलून तर बसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे खूणच नाही.

सासूबाईंना मी सांगितलं, विचारलं नाही. त्या तोंड फिरवून तुळशीला पाणी घालत राहिल्या. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला आणि भर सकाळी उरणच्या बाजारातून चालत गेले. दुकानदारांनी मला पाहिलं आणि मग घाईघाईनं दुसरीकडे पाहिलं.

पडवीत सगळे होते. अध्यक्ष मधल्या खुर्चीवर, चिटणीस त्यांच्या शेजारी, नर्सबाई दारात उभ्या. खरं सांगायचं तर नर्सबाईंचा मला राग आला नाही. त्या थकलेल्या दिसत होत्या. बायला आणून एका पाटावर बसवलं होतं. ती वाळली होती. पाठ भिंतीला, उजव्या हातातलं कडं डाव्या हातानं घट्ट धरलेलं. मी तिच्यासमोर बसले, पहिल्या दिवसांत बसायची तशी, आणि उजवा हात पुढे करून थांबले.

किती वेळ गेला कोण जाणे. चिटणीस एकदा खाकरले. मग बायची बोटं आली. तळव्यावरून मनगटाकडे गेली, जिथं बांगड्या असायच्या तिथं येऊन थांबली. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. मोकळं मनगट. तिनं हात सोडला. चिटणिसांनी अध्यक्षांकडे पाहिलं. संपलं, असं मला वाटलं. आता भावाला बोलावतील.

पण बायनं पुन्हा माझा हात धरला. या वेळी दोन्ही हातांनी. माझी बोटं, नखं, करंगळीजवळ सुरीनं कापल्याची जुनी खूण, सगळं तिनं चाचपलं. आणि ती हसली. किती महिन्यांनी हसली असेल. तिनं माझ्या मनगटावरून बांगडी काढल्यासारखं केलं, ती लांब फेकल्यासारखं केलं, आणि माझ्या पाठीवर थोपटत त्याच जाड आवाजात म्हणाली, "दर्या."

मग तिनं आपली बोटं एकमेकांवर घासली, खडूची भुकटी झटकावी तशी, आणि ती नाकाशी नेली.

अध्यक्षांनी विचारलं, "ओळखलं का तिनं?"

"ओळखलं," मी म्हटलं.

"मग काय म्हणतेय?"

मला ते सांगायचं नव्हतं. पण पडवीत सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी खोटं बोलून ती जागा घेणार नव्हते.

"म्हणतेय, नवरा समुद्रावर गेलाय तुझा. बांगड्या दर्याला दिल्यास, चांगलं केलंस. आता तो परत येईल."

नर्सबाईंनी पदर तोंडाला लावला. बाय बिचारी खुशीत होती. तिच्या हिशोबानं सगळं जमत होतं. मास्तर यायचे थांबले, मीही येईनाशी झाले, आणि आता आले ती उजव्या हातातली काच उतरवून. कोळ्याच्या मुलीला याचा एकच अर्थ माहीत होता. मला वाटलं, राहू दे. तिला खरं कळायचं काय अडलंय? ती जेवेल, मी रोज येईन, आणि एका माणसाच्या डोक्यात तरी हे समुद्रावर आहेत, परत यायचे आहेत. खोटं नाही सांगत, क्षणभर मलाही ते हवंसं वाटलं.

एवढ्यात तिचा हात माझा डावा हात शोधायला लागला.

मी तो पदराखाली धरला होता. कोळणीच्या डाव्या हातात काच असते. नवरा आहे तोवर असते. बायला ती हिरवी काच चाचपायची होती, मला नीट कोळीण झालेली बघायचं होतं. ती माझ्या खांद्यावरून, कोपरावरून शोधत पदरापर्यंत आली आणि थांबली. तिनं ओढलं नाही. आमच्याकडे नियम होता, हात ज्याचा त्यानं पुढे करायचा. तिनं आपला तळवा उघडा ठेवला आणि वाट पाहिली.

मी तिला तो नियम शिकवला होता. दुसऱ्याला आधी कळू दे कोण आलंय. आता मी कोण आले होते?

मी डावा हात पदराबाहेर काढला आणि तिच्या तळव्यावर ठेवला.

तिची बोटं एकदाच फिरली. मग ती दोन्ही मनगटं एकदम धरून बसली. चेहरा आधी काहीच सांगेना. मग तिनं वर हात नेला आणि माझं कपाळ पुसल्यासारखं चाचपलं, गळा चाचपला. आणि तिच्या घशातून एक आवाज आला, तो कुठला शब्द नव्हता. माझा बांध तिथं फुटला. पडवीत, अध्यक्षांसमोर, चिटणिसांसमोर मी मोठ्यानं रडले. बायनं माझं डोकं खांद्यावर घेतलं. तिला माझं रडणं ऐकू येत नव्हतं, पण ते तिच्या अंगाला कळत होतं, आणि ती मला थोपटत राहिली.

मी थोडी शांत झाले तेव्हा माझ्या उजव्या हाताशी तिची खटपट चालली होती. तिनं आपलं कडं उतरवलं होतं. आईचं. साबण लावल्याशिवाय ते निघणार नाही असं आम्हाला वाटायचं, पण तिच्या हाताचं मांसच इतकं झडलं होतं. तिनं ते माझ्या उजव्या मनगटात चढवलं, वर दाबलं, आणि त्यावर हात ठेवून बसली.

मी घाईनं ते काढायला गेले. विधवेच्या हातात दागिना, तोही बैठकीत, तोही अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर. चिटणीस पुढे होऊन काहीतरी म्हणणारच होते. अध्यक्षांनी त्यांना हातानं थांबवलं. त्या हाताच्या अंगठीतला खडा मला आजही दिसतो.

"राहू द्या ते, बाई," ते म्हणाले. "तिला कळायला नको का, कोण आलंय?"

बैठक तेवढ्यावर संपली. नर्सबाई महिनाभर थांबल्या, माझ्याकडून खुणा शिकल्या आणि मुंबईला परत गेल्या. देणगीदारांच्या बायका काय म्हणायच्या ते म्हणाल्याच. दोन घरांनी आमच्याकडे येणं सोडलं. चिटणीस दर बैठकीला प्रमुखपदाचा विषय काढत, अध्यक्ष दर वेळी तो पुढच्या बैठकीवर ढकलत. माझी नेमणूक अशी कधी झालीच नाही. मी तात्पुरती होते ती शेवटपर्यंत तात्पुरतीच राहिले.

घरी गेले त्या दिवशी सासूबाईंनी कडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी अंघोळीला जाताना मी ते काढून कोनाड्यात ठेवलं. बाहेर आले तर कोनाड्यात ते नव्हतं. सासूबाई मागच्या दारी पाटावर बसून राखेनं ते घासत होत्या. वर्षानुवर्षांचा काळपटपणा निघून ते पांढरंशुभ्र झालं होतं. त्यांनी ते पदराला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

पुढे किती वर्षं मी त्या वाडीत रोज गेले. बाय पुन्हा जेवायला लागली, फाटकी जाळी सांधायला लागली, भिंतीपासून सुटली. लोकांनी यांचं नाव घेणं हळूहळू सोडलं. ते साहजिकच होतं. शाळेत दुसरे मास्तर आले, यांनी शिकवलेली मुलं मोठी होऊन मुंबईला गेली, सासूबाईही गेल्या. वाडीत मात्र सकाळ एकाच पद्धतीनं सुरू व्हायची. मी बायसमोर बसायची आणि उजवा हात पुढे करायची. ती कडं चाचपायची, म्हणजे आली. मग ती आपला तळवा उघडा ठेवायची आणि मी डावा हात त्यावर ठेवायची. त्या मोकळ्या मनगटावर ती थोडा वेळ हात ठेवून बसायची आणि मग कामाला लागायची. त्या हाताची रोज विचारपूस करणारं उरणात दुसरं कोणी नव्हतं.